आडवं दार

गोठ्याचं दार बिजागऱ्यांतून काढून
कोलमनने स्वयंपाकघरात आडवं टाकलं.
"ये," बार्ब्रा म्हणाली, "बूट तेच राहू देत."
बूट टपालखात्याचे होते,
टाचेला रॉसमकच्या रस्त्याचा चिखल.

मी सांगितलं, मला येतं थोडंफार.
सहाव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत
गॉलवेच्या हॉलमध्ये नाचलेय मी स्पर्धांत.
डोक्यावर कुरळ्या केसांचा टोप, पिना थेट कवटीत,
मोजे घसरू नयेत म्हणून पोटऱ्यांना गोंद,
छातीवर नंबर, एकशे बारा.
हात बरगड्यांना शिवल्यासारखे. हनुवटी वर.
समोर तीन परीक्षक आणि एक घंटी.
घंटी वाजली की थांबायचं,
पाय हवेत असला तरी.

"बरं," ती म्हणाली. "नाच."

नाचले. उंच उडाले.
कोलमन तोंडानेच सूर धरून होता, डिडल-डम, डिडल-डी
(पेटी ऑगस्टपासून दुरुस्तीला गेलीय),
आणि बार्ब्रा बघतच नव्हती.
ऐंशीची बाई, गुडघ्यांना शिव्या देत फरशीवर बसलेली,
तळहात दाराच्या कडेवर,
तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
एका कानाने तिला ऐकू येत नाही,
दुसऱ्याने हवं तेवढंच येतं.

"वर काय करत होतीस इतका वेळ?"
तिने विचारलं.
"इथे काही पोचलं नाही."

मग गुरुवारमागून गुरुवार.
टाच, चवडा, टाच, घसट.
पाय किती उचलायचा?
"तू पत्र टाकतेस ना दाराच्या फटीतून?
त्या पत्राच्या जाडीइतका."
मी बिलांच्या जाडीपर्यंत आले, मग कार्डांच्या.
पण हात!
दहा वर्षं नोकरी केलेले ते हात
निवृत्त व्हायला तयार नव्हते.
त्यांचं काय करू, म्हटलं.
"त्यांनाच विचार."

तिच्या आजोबांना शिकवायला एक फिरता मास्तर यायचा.
पोरांच्या डाव्या पायाला गवत बांधायचा, उजव्याला पेंढा,
आणि ओरडायचा, गवत! पेंढा! गवत! गवत!
"त्यांना डावं-उजवं कळत नव्हतं," बार्ब्रा म्हणाली,
"म्हणून शिकले.
तुला सगळं कळतं, तीच पंचाईत."

फेब्रुवारीत वादळ आलं.
वीज गेली, फक्त चुलीचा तांबडा उजेड.
कोलमनचा सूर वाऱ्यात मधेमधे बुडत होता.
मी दारावर, टाच, चवडा,
तेवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं
आणि वासरू आत आलं.
का येऊ नये?
त्याच्या गोठ्याला दार होतं कुठे?
ते दार माझ्या पायाखाली.

पाय थांबले नाहीत. घंटी वाजली नव्हती.
उजवा हात मात्र मला न विचारता उठला,
हाट, हाट, करत हवेत फिरला,
डावा त्याच्यामागे, तोल सावरायला,
आणि मी हसत होते, परीक्षकांसमोर हसतात तसं नव्हे,
तोंड वेडंवाकडं करून,
आणि वासराचं ओलं नाक माझ्या कोपराला लागत होतं.

बार्ब्राने दुसरा तळहातही टेकवला.
"श्श," कोलमनला म्हणाली, "गप्प जरा."
सूर थांबला. माझ्या टाचा तेवढ्या उरल्या.
अंधारात ती ऐकत राहिली
कुणी कडी वाजवतंय आणि आपण ओळखायचं आहे, तशी.

"आत्ता," म्हणाली, "आत्ता कुणीतरी आलं."

दुसऱ्या दिवशी कोलमनने दार परत बसवलं,
वासराच्या भल्यासाठी.
मी विजेचं बिल द्यायला गेले तेव्हा पाहिलं,
आडवं होतं ते उभं झालंय,
माझ्या टाचांच्या खुणा छातीच्या उंचीवर आल्यात,
जिथे नंबर असायचा तिथे.
वासरू आतल्या बाजूने उभं राहून त्या चाटत होतं.
चिखलात मीठ असेल.
किंवा घामात.
बिल मी खिडकीत ठेवलं
आणि गाडी सुरू करायच्या आधी थोडा वेळ तशीच उभी राहिले,
हात बाजूला, जसे पडतील तसे.